हलक्या गाडीचा इतिहास : न्हावरे परिसराच्या निमित्ताने

शिरूर तालुक्यातील न्हावऱ्याच्या मुलखात बैलगाड्याची शर्यत हा जत्रेचा प्राण मानला जातो. शर्यतीचा गाडा मालवाहू गाडीचा सांगाडाच होय. ओझ्यासाठी लागणारे सर्व काही त्यातून काढून टाकलेले असते. ही प्रवृत्ती किती जुनी असावी?

याच तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन अवशेषांत बैलगाडीचे रेखाचित्र असलेले भांडे आढळले. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे 1974 साली मिळालेला ब्राँझचा रथ अधिक बोलका आहे. लांब दांडी, दोन बैल आणि उभा सारथी. माल ठेवावयास जागा नाही. चाके मात्र भरीव आहेत. पुढे आऱ्यांच्या चाकाने तोही भार उतरविला. बाभळीचे आरे दाब सोसतात, तर लोखंडी धाव चाक आवळून धरते व झीज सोसते. ज्या पदार्थाचा जो गुण, त्याला ते काम, हेच संमिश्र पदार्थांचे तत्त्व होय. काचतंतू व कार्बनतंतू यांनी ते सूक्ष्म पातळीवर नेले, इतकेच.

तथापि हलकेपणाचा अर्थ सर्वत्र एक नाही. 1934 साली अमेरिकेतील डेटन येथे मुलांच्या उतारगाड्यांची मोठी शर्यत भरली. अशी गाडी गुरुत्वाकर्षणानेच धावते. घर्षण व हवेचा विरोध वगळल्यास जड आणि हलकी गाडी सारख्याच वेगाने उतरते. तेव्हा केवळ वजन घटवून लाभ नाही. एकूण वजनाची मर्यादा ठरलेली असता कवच व चाके हलकी करून वाचलेला भार योग्य जागी ठेवावा, यातच संमिश्र पदार्थांचे महत्त्व आहे.

बैलाच्या गाडीत मात्र कमी झालेला प्रत्येक शेर बैलाच्या मानेवरून उतरतो. म्हणून गाडा हलका करणे ही जनावरावरील दयाच, असे मानण्याचा मोह होतो. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना मनाई केली ती गाड्याच्या वजनामुळे नव्हे. जनावराला भय व वेदना देऊन पळविले जाते, हा मुद्दा होता. 2017 च्या राज्य कायद्यानंतर, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली व 18 मे 2023 रोजी तो कायदा वैध ठरविला.

सुताराने मानेवरचे ओझे हलके केले. पाठीवरचा आसूड हलका करणे त्याच्या हाती नव्हते. ते काम हाकणाऱ्याचे व समाजाचे आहे.