शब्दवेधी बाण : विद्या किती, खेळ किती

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडात सिद्धनाथाचा रथ निघतो, हे येथे बसलेल्यांना आम्ही सांगावयास नको. आम्ही सतरा-अठरा वर्षांचे असताना त्या जत्रेत एक तिरंदाज आला होता. बांबूचे धनुष्य, चंद्रकोरीसारख्या पात्याचे बाण आणि सोबत बारा-तेरा वर्षांचा मुलगा, एवढाच त्याचा संसार. दोन खुंटांमध्ये आडवी दोरी बांधलेली आणि तिला दोऱ्याने पत्र्याची थाळी टांगलेली असे. तिरंदाज डोळ्यांवर पट्टी बांधी, मुलगा थाळीवर काठी मारी, आणि तो नाद विरण्याच्या आत बाण सुटून दोरा तुटे. मधल्या वेळात तो पृथ्वीराज चौहानाची कथा सांगे : डोळे काढलेल्या राजाने चंद बरदाईच्या इशाऱ्यावरून आणि नुसत्या आवाजावरून घोरीच्या सुलतानाला कसे टिपले. बायाबापड्यांचे डोळे भरून येत आणि ताटलीत पैसे पडत.

आमचे डोळे मात्र भरले नाहीत. नुकतीच आम्ही दोन-चार पुस्तके वाचली होती. आणि अर्धवट वाचनाने माणूस जितका कडक होतो, तितका पुरत्या वाचनाने होत नाही. आम्ही पुढे होऊन म्हटले, पट्टी आमच्या उपरण्याची बांधा आणि थाळी आम्ही सांगू तेथे टांगा. तो आधी हसला, मग चिडला, मग मुलाला सामान आवरावयास सांगू लागला. लोक उठले. त्या खेळाचे ताटलीत काही पडले नाही. घडीची पट्टी नाकाशी किंचित वर राहते, आणि मान जराशी मागे टाकली की त्या फटीतून समोरचे दिसते. ही जादूगारांची जुनी युक्ती आहे. आमची शंका खरी होती, असे आम्ही आजही म्हणतो.

कथेचेही तसेच. तराईची दुसरी लढाई 1192 सालची. तीत पृथ्वीराज हरला आणि त्यानंतर लवकरच मारला गेला. मुहम्मद घोरीचा खून झाला तो 1206 साली, सिंधू नदीच्या बाजूला, दमयक येथे. मध्ये चौदा वर्षे गेली. चौदा वर्षे हवेत राहणारा बाण अजून कोणी केलेला नाही. पृथ्वीराज रासोचा आज मिळणारा पाठ पुढच्या शतकांत वाढत गेलेला आहे. हरलेल्यांनी ही कथा का जपली, ते आम्हांला समजते. फसलेल्या संपानंतर कामगारांच्या चाळींतही अशा कथा आम्ही ऐकल्या आहेत : शेवटच्या दिवशी कोणी मालकाला तोंडावर काय सुनावले, वगैरे. त्या ऐकाव्यात, मात्र पुढच्या संपाचा हिशेब त्यांच्यावर मांडू नये.

शब्दवेधाची आपली याहून जुनी कथा रामायणातली, आणि ती चुकीची कथा आहे हे आपण विसरतो. घागर भरण्याचा बुडबुड आवाज दशरथाला हत्तीच्या पाणी पिण्याचा वाटला, त्याने बाण सोडला आणि मुनिपुत्र मेला. बाण आवाजाच्या जागी गेला, पण तेथे कोण आहे हे कानाला कळले नाही. कानाची धाव किती, हे आता मोजलेले आहे. अगदी समोरून येणाऱ्या आवाजाची दिशा माणसाला फार तर एखाद्या अंशाच्या फरकाने ओळखता येते. वीस मीटरवर एक अंशाची चूक म्हणजे सुमारे पस्तीस सेंटिमीटर. तेवढ्यात हत्ती सापडेल, नशीब असेल तर थाळीही सापडेल. दोरा सापडणार नाही.

द्रौपदी-स्वयंवरातला फिरता मासा आणि पाण्यातले त्याचे प्रतिबिंब आपण कीर्तनात ऐकत आलो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 पासून देशभरची हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. ते काम 1966 साली पुरे झाले. सुकथनकरांनी सिद्ध केलेल्या त्यातील आदिपर्वात मासाही नाही आणि पाणीही नाही. उंचावर एक यंत्र आहे, त्याला छिद्र आहे, आणि त्या छिद्रातून पाच बाणांनी सोन्याचे लक्ष्य वेधावयाचे आहे. पण जी रचना उरते ती नेमबाजाला समजणारी आहे. मासा गेल्याने अर्जुन लहान झाला, असे आम्हांला वाटत नाही.

त्याच पर्वात एकलव्य आहे. अंगठा दिल्यावर तो बोटांनी बाण मारू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे तेथे म्हटले आहे. हे ज्याने रचले त्याला धनुष्य ठाऊक होते. कारण आशियात दोरी अंगठ्याने ओढण्याची रीत होती; युरोपात ती तीन बोटांनी ओढत. तुर्कांची रीतही अंगठ्याचीच. 1795 साली लंडनमधील तुर्की वकिलातीचा चिटणीस महमूद एफेंदी याने शिंग आणि स्नायूच्या आखूड धनुष्याने बाण 482 यार्डांवर टाकला. तेथले हौशी धनुर्धारी आपल्या लांब धनुष्याच्या अभिमानात होते. त्यांनी जमिनीवर अंतर मोजले आणि गप्प बसले.

आम्ही त्या जत्रेत काही मोजले नव्हते. त्याच संध्याकाळी राहुट्यांच्या मागे तो तिरंदाज आम्हांला पुन्हा दिसला. डोळ्यांवर पट्टी नव्हती, भोवती माणूस नव्हते. वीसएक पावलांवर चिंचेची फांदी वाऱ्याने हलत होती आणि तो तिच्यावरचे एकेक बोटूक पाडत होता. आम्ही मोजले : दहांतले सात. आम्ही जवळ गेलो. त्याच्या बोटांवर दोरीचे घट्टे होते, आमच्या वडिलांच्या हातांवर गिरणीचे होते तसे. हे लोकांना का दाखवत नाही, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “उघड्या डोळ्यानं मारलं तर पैसा कोण टाकतंय, पोरांनो?” आमच्या खिशात होते ते आम्ही त्या मुलाच्या हातावर ठेवले. सकाळच्या बुडालेल्या कमाईच्या मानाने ते काहीच नव्हते. पुढच्या वर्षी तो जत्रेला आला नाही.

आता उघड्या डोळ्यांच्या नेमाला किंमत आली आहे, आणि आमच्याच जिल्ह्यात आली आहे. शेजारच्या फलटण तालुक्यातील सरडे गावच्या शेतमजुरांचा मुलगा प्रवीण जाधव 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी 149 विरुद्ध 147 अशी जिंकली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत पहिला आला. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले.

यावर शंका घेणारे आम्हांला भेटतात. त्या धनुष्याला चाके असतात, दुर्बिणीसारखे भिंग असते, दोरी सोडावयास कळ असते. मग माणसाचे काय, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण दोन टर्नरांना एकच लेथ द्या. एकाचा शाफ्ट बसतो आणि दुसऱ्याचा अर्ध्या सुताने हुकतो, हे कारखान्यात उमेदवारी केलेल्याला माहीत असते. बर्लिनमध्ये धनुष्ये एकाच जातीची होती, अंतर 50 मीटर, घड्याळ चालू आणि समोर पंच. दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटिमीटरचे. म्हणजे मध्यापासून चूक अंशाच्या विसाव्या भागाहून जास्त चालत नाही. पंधरा बाणांत ओजसला 150 गुण मिळाले, पैकीच्या पैकी. समोरचा पोलंडचा लुकाश प्शिबिल्स्की 149 गुणांवर हरला. पंधरांपैकी चौदा बाण त्यानेही त्या आठ सेंटिमीटरांत बसवले होते.