मुलीचा वाटा : हक्क आणि कायदा यांची नव्वद वर्षांची कहाणी



“हे घर माझे” असे आपण सहज म्हणून जातो. पण ते आपले आहे म्हणजे नेमके काय? चार भिंती आणि दाराला कुलूप एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. उद्या कोणी बळजबरीने आत शिरला तर आपण पोलिसांकडे व न्यायालयाकडे धाव घेतो. तेथे विचारणा होते : खरेदीखत कोठे आहे? वारस कोण? नोंद कोणाच्या नावे आहे? शासन आणि कायदा ज्याच्या पाठीशी उभे राहतात, त्याचाच हक्क व्यवहारात टिकतो.

यावर कोणी म्हणेल, “वारशाचे हिस्से कुराणशरीफने ठरवून दिले आहेत, तेथे सरकारचा संबंध काय?” शंका रास्त आहे. श्रद्धावंताला तो आदेश सदैव बंधनकारकच आहे. परंतु आदेश असणे आणि वाटा हातात पडणे यांत किती अंतर असू शकते, हे आपल्या मुंबईच्या इतिहासानेच दाखवून दिले आहे.

सुरा निसाप्रमाणे बापाच्या मिळकतीत मुलाच्या निम्मा वाटा मुलीचा असतो. समजा, एक मुलगा व दोन मुली एवढेच वारस आहेत. दफनाचा खर्च, कर्ज व मृत्युपत्राची रक्कम वजा जाता उरलेल्या मिळकतीचे चार भाग करायचे. मुलाला दोन आणि प्रत्येक मुलीला एक. हिशेब इतका सोपा आहे.

तरीही १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन घराण्यांतील मुलींनी हाच वाटा मागितला, तेव्हा त्यांना रिकाम्या हाती परतावे लागले. या जमातींत मुलींना वारसा न देण्याचा जुना रिवाज होता. सर अर्स्किन पेरी यांनी तो पुराव्यावरून मान्य केला आणि धर्मग्रंथातील नियमापेक्षा रिवाजाला महत्त्व दिले. मुंबई शहराबाहेरील कोर्टांतही स्थिती फारशी निराळी नव्हती. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनने न्यायाधीशांना क्रम घालून दिला होता : प्रथम सरकारी कायदे, ते नसतील तर देशरिवाज, आणि तोही नसेल तरच प्रतिवादीचा धर्मकायदा.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आदेश तोच होता, बापही तोच होता, मुलगीही तीच होती. परंतु राज्याच्या कायद्याने रिवाजाला वरचे आसन दिले आणि मुलीचा हक्क ग्रंथातच राहिला.

हे चित्र पालटण्यास नव्वद वर्षे लागली. १९२० मध्ये कच्छी मेमनांसाठी एक कायदा झाला. पण ज्याने स्वतः तसे जाहीर करावे त्यालाच तो लागू होई. पुढे जमियत-उल-उलेमाने रिवाजाऐवजी शरीअत लागू करण्याची मागणी उचलून धरली. मुस्लिम महिलांच्या संघटनांनीही रिवाजाचा उघड निषेध केला, कारण त्याची झळ त्यांनाच लागत होती. अखेर १९३७ साली मध्यवर्ती विधिमंडळाने शरीअत कायदा संमत केला. वारसा, मेहेर, बक्षीस, वक्फ इत्यादी बाबतींत रिवाज बाजूला सारून मुसलमानांना शरीअतचा नियम लागू झाला. १९३८ च्या कायद्याने कच्छी मेमनही सरसकट त्याखाली आले.

पण येथेही एक फट राहिली. शेतजमीन या कायद्यातून वगळण्यात आली, कारण १९३५ च्या राज्यघटनेप्रमाणे तो विषय प्रांतांकडे होता. त्यामुळे बापाच्या घरात मुलीला शरीअतचा वाटा आणि त्याच बापाच्या शेतापुरते रिवाजाचे दार उघडे, अशी अवस्था झाली. मद्रास प्रांताने १९४९ मध्ये दुरुस्ती करून शेतजमीनही आत घेतली. म्हणजे एकाच देशात, एकाच धर्माच्या दोन बहिणींचा शेतीवरील हक्क त्या कोणत्या प्रांतात राहतात यावर ठरू लागला!

आज कायदा अनुकूल झाला, म्हणून काम संपले असे नाही. बाप वारला की तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी लागते; महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे तिची मुदत तीन महिने आहे. या वेळी कित्येक घरांत फक्त भावांची नावे सांगितली जातात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही, हे खरे. पण कोर्टात तो शाबित करण्यात तिची वर्षे जातात. काही ठिकाणी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटेल या भीतीने ती न वाचताच सही करते. १८४७ साली कोर्टाने तिला परत पाठविले होते. आज ते काम घरचीच माणसे करीत असतील, तर दोष कोणाला द्यावा?

पालक बंधु-भगिनींनो, वारसांची नावे सांगताना मुलींची नावे वगळू नका. शेतजमिनीचा प्रश्न असेल तर जाणत्या वकिलाचा सल्ला आधी घ्या. आणि विद्यार्थिनींनो, फेरफार, सातबारा, मालमत्तापत्रक, हक्कसोडपत्र हे कागद वाचावयास शिका. अर्थ समजल्याखेरीज कोठेही सही करू नका.

कायदे माणसेच करतात आणि मागणी झाली म्हणजे ते बदलतातही. १८४७ ते १९३७ चा काळ याची साक्ष देतो. परंतु मागणी करण्यासाठी आपला हक्क काय आहे हे आधी कळावे लागते, आणि ते कळण्यासाठी शिक्षण लागते. आपल्या मुलीला शाळेत पाठविताना आपण तिच्या वाट्याचे रक्षणही करीत असतो, एवढे प्रत्येक पालकाने ध्यानी ठेवावे.