जुन्या नाण्यांवरील घाव



जुनें नाणें सांपडलें म्हणजे आपल्या खानदेशांत बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. घरीं तें चिंच व राख लावून लख्ख घासलें जातें. नाहीं तर सराफाकडून कडी लावून माळेंत ओवलें जातें. हेतु वाईट नसतो; परंतु नाण्याची साक्ष मात्र बुडते. म्हणून नाण्यावरील कोणता घाव इतिहासाचा आणि कोणता अज्ञानाचा वा लबाडीचा, हें ओळखण्याच्या कांहीं खुणा आज सांगावयाच्या आहेत.

प्रत्येक घाव ही हानि नव्हे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. त्यांतील तेरा हजारांवर नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता : एका बाजूस तीन कमानींचा डोंगर व गौतमीपुत्र सातकर्णीचें नांव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह. गौतमीपुत्रानें क्षहरात वंश नष्ट केला, असें नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतो. हीं नाणीं ‘बिघडलेलीं’ समजून कोणी आटविलीं असतीं, तर त्या लेखाची एवढी सबळ साक्ष आपण गमावली असती.

बुऱ्हाणपुरासारख्या मोंगली टांकसाळींच्या रुपयांवरही बारीक फूल, चांदणी किंवा अर्धचंद्र ठोकलेला आढळतो. चांदी पारखून घेतल्याच्या त्या सराफांच्या खुणा होत. त्यांवरून नाणें पेढ्यांतून फिरल्याचें कळतें.

आतां पारख. भिंगानें घावाच्या तळाकडे पाहावें. तळ नाण्याच्या पृष्ठभागाइतकाच काळवंडलेला व कडा झिजून बोथट झालेल्या असतील, तर घाव बहुधा जुना. तळ चकाकत असेल, तर तो अलीकडचा. यानंतर नाण्याची कड फिरवून पाहावी. डाक लावलेली कडी काढली तरी तेथें वेगळ्या रंगाचा डाग राहतो. भोंक बुजविलें असल्यास दोन्ही बाजूंस त्याच जागीं अक्षरें तुटतात किंवा बेढब दिसतात. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ व अंगावर सुईच्या टोंकाएवढे खड्डे दिसूं शकतात. वजनही घ्यावें. १८३५ पासूनचा इंग्रजी चांदीचा रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे एक तोळ्याचा, सुमारें ११.६६ ग्रॅमचा होता. झिजेनें तो किंचित् हलका होईल. जड होणार नाहीं. सालाचा आंकडाही तपासावा. १९३९ चा रुपया दुर्मिळ असल्यानें १९३८ च्या रुपयावरील आठाचा नऊ करण्याचा मोह लबाडांस होतो. कोरलेल्या अंकाभोंवतींची जागा खरवडलेली दिसते.

जुनें नाणें घासूं नये. कागदाच्या पुडींत ठेवून तें कोठें व केव्हां मिळालें हें वर लिहावें, आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेंतील जाणत्यास दाखवावें. पुरलेलें द्रव्य दहा रुपयांहून अधिक किंमतीचें असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरांस कळविणें बंधनकारक आहे.

नाण्यास चकाकी केव्हांही आणतां येते. पुसलेलें अक्षर मात्र पुन्हा उमटत नाहीं.