खुराक, इन्सुलिन आणि सायकलवरचे दोन पाय

मागचं व्याख्यान संपल्यावर एक तरुण मागे थांबला होता. जिममध्ये जाणारा, दंड चांगले कमावलेले. म्हणाला, "सर, व्यायामानंतर केळं खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि चरबी जळायची थांबते, असं आमचा एक मित्र सांगतो. दुसरा म्हणतो, इन्सुलिन वाढल्याशिवाय मसल वाढणारच नाही, म्हणून केळ्यासोबत साखरही घे. कुणाचं खरं?"

मी डॉक्टर नाही. उभं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण पंचवीस वर्षं मधुमेह सांभाळतोय, त्यामुळे या प्रश्नात माझा स्वार्थ आहे. आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात एक गंमत दिसते. दोन्ही मित्र एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, पण दोघांचं गृहीतक एकच आहे: ताटातून इन्सुलिन ठरतं आणि इन्सुलिनवरून शरीर ठरतं. हे गृहीतक आलं कुठून आणि कुठे मोडलं, तेवढंच आज पाहू.

सुरुवात जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितलेत: एक जन्मजात, दुसरा अपथ्यातून आलेला. पहिला रोगी कृश, दुसरा स्थूल. या दुसऱ्याच्या उपचारात पथ्य आहेच, पण व्यायाम आणि चक्क कुस्तीही आहे. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने शंभर योजनं चालावं, नाही तर विहीर खणावी! इन्सुलिन हा शब्द तेव्हा स्वप्नातही नव्हता. पण ताट आणि अंगमेहनत यांचा विचार एकत्र करायचा, हे त्या वैद्याला ठाऊक होतं.

पुढे ही जोडी फुटली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक ॲलन यांनी मधुमेहावर उपासाचा उपचार बसवला. अन्न इतकं कमी करायचं की लघवीत साखर दिसता कामा नये. ॲलन रोग्यांना व्यायामही करायला लावत, पण लोकांच्या लक्षात राहिली ती उपासमार. एलिझाबेथ ह्यूज नावाच्या मुलीला अकराव्या वर्षी मधुमेह झाला. १९२२च्या ऑगस्टमध्ये ती टोरोंटोला पोचली तेव्हा तिचं वजन वीस किलोच्या आसपास उरलं होतं. तिथे बँटिंग आणि बेस्ट यांनी आदल्या वर्षी इन्सुलिन वेगळं काढलं होतं. ती मुलगी जगली, संसार केला, १९८१ साली वारली. अशा गोष्टी ऐकल्यावर इन्सुलिन म्हणजे संजीवनी असं जगाला वाटलं तर नवल नाही.

पण संजीवनी घेणाऱ्यांपैकीच एकाने वेगळी नोंद केली. लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते, मरणाच्या दारातून इन्सुलिनमुळे परत आलेले. १९२६ साली त्यांनी लिहिलं की इन्सुलिन टोचल्यानंतर व्यायाम केला तर त्याच डोसचा परिणाम कितीतरी वाढतो. म्हणजे सुईत तेवढंच औषध, शरीरात जास्त काम. आजही जे इन्सुलिन घेतात किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी वजनं उचलायला लागण्याआधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोलायचं असतं, ते याच कारणाने. हे मी जरा जोर देऊन सांगतोय, कारण सभागृहात माझ्या वयाची मंडळी बरीच दिसताहेत.

दहा वर्षांनी हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी लंडनमध्येच दाखवलं की काही मधुमेही इन्सुलिनला चटकन प्रतिसाद देतात आणि काही फारसा देतच नाहीत. निरोगी माणसांना त्यांनी वेगवेगळा आहार देऊन पाहिलं, तर पिष्टमय पदार्थ कमी खाणाऱ्यांची साखर पचवण्याची ताकद उलट घटलेली आढळली. भाकरी बंद करा म्हणजे सगळं सुधारेल असं मानणाऱ्यांना हे त्या काळीही पचलं नसेल.

इथपर्यंत एक मोठी अडचण होती. रक्तातलं इन्सुलिन नीट मोजताच येत नव्हतं. ते जमलं १९६०च्या सुमारास, रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांना. यॅलोबाईंना त्यासाठी १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते. मोजायला लागल्यावर कळलं काय? प्रौढपणी मधुमेह झालेल्या पुष्कळांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतंच, काहींच्यात तर जास्त होतं. पत्रं ढिगाने येत होती, दार कुणी उघडत नव्हतं.

दार कुठलं? आता मला सगळ्यात आवडणारा प्रयोग सांगतो. १९६६, स्टॉकहोम. बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन डॉक्टरांनी स्वतःलाच प्रयोगाला बसवलं. एक स्थिर सायकल मध्ये आणि दोघे दोन बाजूंना. प्रत्येकाचा एकच पाय पेडलवर, दुसरा नुसता आराम करतोय. पेडलवरचा पाय पार थकेपर्यंत हे चाललं. मग मांडीच्या स्नायूत जाड सुई घालून तुकडा काढला, दोन्ही पायांचा. (ती सुई आज बर्गस्ट्रॉमच्याच नावाने ओळखली जाते.) दमलेल्या पायातली ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, जवळपास संपली होती. पुढचे तीन दिवस दोघांनी मुख्यतः पिष्टमय अन्न खाल्लं आणि रोज तुकडे काढले. राबलेल्या पायात साठा नुसता भरून आला नाही, बसून राहिलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला.

जरा थांबून बघा. माणूस एक. पोट एक, जेवण एक, रक्त एक. त्या रक्तातलं इन्सुलिनही दोन्ही पायांना सारखंच. फरक फक्त एवढाच की एक पाय राबला आणि एक बसला. आमच्या न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक शिकवताना स्वयंपाकघरातला धूर आणि अग्नी यांची उदाहरणं देऊन मी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या कंटाळा आणला. हे दोन पाय मला आधी ठाऊक असते तर फार बरं झालं असतं.

याचं कारण पुढे सापडलं. स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारी प्रथिनं असतात, ग्लूट-४ नावाची. इन्सुलिन आलं की ती आतून पेशीच्या पृष्ठभागावर येतात. पण स्नायू आकुंचन पावला तरीही येतात, इन्सुलिनची वाट न बघता. शिवाय व्यायामानंतर एखाद-दोन दिवस तो स्नायू थोड्या इन्सुलिनलाही चांगली दाद देतो.

आता ताटाकडे येऊ. साखर चढली की इन्सुलिन चढतं, हे समीकरण सोपं आहे आणि अर्धवट आहे. १९९७ साली सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ तपासले गेले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा, पांढरा ब्रेड म्हणजे १०० असं धरून. इन्सुलिनच्या मापात अंड्याला ३१, पांढऱ्या पास्त्याला ४०, माशाला ५९ आणि उकडलेल्या बटाट्याला १२१. मासा पास्त्याच्या वर! स्वीडनमध्ये दुधाचंही असंच दिसलं: रक्तातली साखर फारशी चढत नाही, पण इन्सुलिन ब्रेडच्या जवळपास जातं. तेव्हा इन्सुलिन वाढू नये म्हणून केळं टाळून व्हे प्रोटीन पिणाऱ्या मुलाने नेमकं काय टाळलं, हे त्यालाच विचारायला हवं.

आणि दुसरा मित्र, साखर घालणारा? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०११ साली नऊ तरुणांना पायांच्या व्यायामानंतर २५ ग्रॅम व्हे दिलं, एकदा तसंच आणि एकदा ५० ग्रॅम पिष्ट मिसळून. पिष्टासोबत इन्सुलिन बरंच जास्त वाढलं. स्नायूत नवं प्रथिन बनायचा वेग मात्र तेवढाच राहिला. इन्सुलिन स्नायूची झीज आवरतं, पण त्याला थोडकंच पुरतं. प्रथिनाच्या जेवणाने तेवढं येतंच.

इथे एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शरीर कमावणारी काही मुलं इन्सुलिन टोचून घेतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९८ साली ते निषिद्ध यादीत टाकलं. खेळातल्या फसवणुकीचं सोडा. निरोगी माणसाने इन्सुलिन टोचलं की रक्तातली साखर कोसळते, मेंदूचं इंधन तुटतं, माणूस बेशुद्ध पडतो आणि मरूही शकतो. एलिझाबेथला ज्या बाटलीने वाचवलं, तीच ही बाटली. तुमच्या जिममध्ये कुणी देत असेल तर तिथून बाहेर पडा आणि मित्रालाही हाताला धरून बाहेर आणा.

आमचे एक मामा कोल्हापूरच्या तालमीत होते. पहाटे जोर-बैठका, हौद्यात लढती आणि मग खुराक: बदामाची थंडाई, शेर-शेर दूध, तूप, मटण. बत्तिशीत गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. खुराक काही सुटला नाही. घरात तो मानाचा विषय होता, पैलवानाच्या ताटातलं तूप कमी कोण करणार? पन्नाशीत मधुमेह, साठीनंतर पायाची जखम भरेना. घरचे म्हणायचे, दूध-तूप बाधलं. मीही तेच म्हणत असे. आता वाटतं, ताट तेच होतं. ते रिचवणारे दंड आणि मांड्या हळूहळू गेल्या, आणि ते कुणी मोजलं नाही.

मी मामांच्या उलट, जन्मभर काडीपहिलवान. मला कसा झाला? याचं उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या प्रमाणात वजन दोघांचं अगदी सारखं, निर्देशांक २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती: वजनाला कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. आपल्यापैकी पुष्कळ जण बारीक दिसतात, म्हणून निर्धास्त राहतात. काट्यावरचा आकडा चरबी आणि स्नायू वेगळे दाखवत नाही.

तर त्या तरुणाला मी म्हटलं, बाबा, पाय दमवले असशील तर केळं खा, सोबत दूध, अंडं, उसळ जे परवडेल ते खा, आणि इन्सुलिनची काळजी स्वादुपिंडावर सोड. ज्या दिवशी नुसता बसून असशील त्या दिवशी मात्र पैलवानाचं ताट मागू नकोस. मग मी त्यालाच एक शंका विचारली. एकाहत्तराव्या वर्षी मी दोन-दोन किलोचे डंबेल्स घेतले, आता चार-चार उचलतो, खुर्चीवरून उठ-बस करतो. पण डावा खांदा दुखतो. त्याने दोन मिनिटं माझं उचलणं पाहिलं आणि म्हणाला, "सर, कोपर फार बाहेर जातंय."

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेपासून सुरुवात करा.