धावेपासून डांबरापर्यंत

बैलगाडीच्या चाकाला धाव बसवायची म्हणजे सुतार आणि लोहार दोघेही हजर लागत. लोखंडी कडे चाकापेक्षा किंचित लहान ठेवायचे, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचे, सांडशीने उचलून लाकडी पुठ्ठ्यांवर चढवायचे आणि लगेच वरून पाणी ओतायचे. लोखंड आकसले की चाक आवळले जाई. भीमाकाठी पिढ्यान्‌पिढ्या माल असाच वाहिला गेला, पण त्या धावेने रस्ता खाल्ला. काळ्या रानातल्या चाकोऱ्या पावसाळ्यात चिखलाने भरत आणि खडीची सडकही पिठासारखी होई.

रबर आले ते फार लांबून. गंधक घालून तापवलेले रबर चिवट होते, हे १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला सापडले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने हवा भरलेला टायर केला. त्याच्या नावाची कंपनी १९३६ मध्ये बंगालात साहागंजला टायर बनवू लागली. आपल्याकडे बैलांच्या मागे टायर आला तो मुख्यतः उसासाठी. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले, पाणी फिरले, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. हंगामात ऊसतोड कामगारांच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या रात्रंदिवस पळतात. ओझे वाजवीपेक्षा जास्तच असते, म्हणून टायर लवकर संपतो.

संपतो म्हणजे गाडीपुरता. त्याच्या पट्ट्यांची चप्पल होते, पत्र्याच्या छपरावर वजन म्हणून तो पडून राहतो, गोठ्यात उभा चिरून जनावरांना पाणी पाजायला लागतो. मोठ्या गाडीची ट्यूब फुगवून मासेमार तिच्यावर बसतात आणि जाळे टाकतात. भंगार म्हणून टायर टाकून देण्याची चैन या गावांना कधी परवडलीच नाही.

याच पट्ट्यात त्याला एक वाईट नोकरीही लागली. गुऱ्हाळाचे खरे जळण म्हणजे चिपाड, पण ते ओले असले की चुलाण पेटत नाही. टायर कसाही असो, भडकतो. धरणाच्या वरच्या अंगाला, दौंड तालुक्यात, गुऱ्हाळांवर टायर आणि प्लॅस्टिक जाळल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून वारंवार आल्या आहेत. गूळ सेंद्रिय म्हणून विकायचा आणि चुलाणात ट्रकचा टायर घालायचा, याला काय म्हणावे!

टायर जाळण्याऐवजी रस्त्याच्या डांबरात घालण्याची कल्पना वाळवंटातली. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराचे अभियंता चार्ल्स मॅकडोनल्ड यांनी १९६० च्या दशकात तापलेल्या डांबरात टायरचा चुरा मुरवून रस्त्यांना ठिगळे लावली. गंधकाने बांधलेले रबर पुन्हा वितळत नाही. ते डांबरातले हलके तेल पिऊन फुगते आणि डांबर दाट, लवचीक होते. ढवळत राहिले नाही तर मात्र चुरा टाकीच्या तळाशी बसतो.

आपल्याकडे इंडियन रोड काँग्रेसने १९९९ मध्ये याची मार्गदर्शिका काढली आणि २००४ मध्ये भारतीय मानक आले. मानकातल्या ५५ क्रमांकाच्या रबरी डांबराचा मऊ होण्याचा बिंदू किमान ५५ अंश. रस्त्यांवर सर्रास वापरतात त्या साध्या डांबराची अट ४७ अंशांची. सोलापूरच्या मे महिन्यात हवाच ४३-४४ अंशांवर जाते, काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी वर. अशा रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली की साध्या डांबरात पुन्हा चाकोऱ्या पडतात. हे आठ अंश म्हणूनच कामाचे. तरी रबराकडून चमत्काराची अपेक्षा नको. खालची काळी माती पावसात फुगणार, उन्हात भेगाळणार. गटार आणि पाया नीट नसेल तर वरचा थर कितीही भारी असून काय उपयोग?

२०२२ च्या केंद्रीय नियमांनी जुन्या टायरांची जबाबदारी टायर बनवणाऱ्यांवर टाकली. कागदावर साखळी पूर्ण झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पंक्चरवाल्याकडे साचलेला ढीग मात्र ट्रकमध्ये भरला की निम्म्याहून अधिक जागा पोकळीच खाते, आणि चुरा करणारे कारखाने पालघरच्या वाडा तालुक्यासारख्या दूरच्या ठिकाणी. भाडे वजनावर नव्हे, फेरीवर पडते. गुऱ्हाळ चार कोसांवर आणि त्याला टायर अख्खा चालतो. टायरांचे तुकडे करणारे यंत्र टेंभुर्णी-कुर्डुवाडी भागातच बसले, तर हा हिशेब उलटा फिरू शकतो.