रांगेचा न्याय

महाराष्ट्राच्या कालव्यांवर शेजपाळी नावाची एक जुनी पद्धत आहे. आवर्तन सुटले की प्रथम चारीच्या शेपटाकडील शेतकऱ्याने पाणी घ्यावयाचे आणि मग पाळी एकेका शेताने माथ्याकडे सरकत यावयाची. माथ्याशी बसलेल्याला पाणी अडविणे सोपे असते, म्हणून नियमाने पाळी उलट बाजूने सुरू केली. माकणीच्या धरणाजवळ राहणाऱ्या सास्तूरकरांना ह्यातले शहाणपण विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. मार्ग एक, मागणारे अनेक आणि पाणी बेताचे, अशा वेळी जो पाळी ठरवितो तो न्यायनिवाडाच करीत असतो. हाच प्रश्न संदेश वाहून नेणाऱ्या यंत्रांपुढे कसा उभा राहिला आणि तो कोणी कसा सोडविला, ह्याचा इतिहास आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

आपल्या देशात तारयंत्र सर्वसामान्यांसाठी १८५५ साली खुले झाले. तारेवर एका वेळी थोडेच संदेश जात, तेव्हा रांग आलीच. पुढे ट्रंक कॉल आले. साधारण, अर्जंट आणि लाइटनिंग हे त्यांचे प्रकार आमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. जास्त पैसे मोजणाऱ्याचा नंबर आधी लागे. एकाच प्रकारात मात्र आधी नोंदविलेल्याला आधी जोडून द्यावयाचे, असा साधा शिरस्ता होता. परंतु ह्या व्यवस्थेत एक माणूस बसलेला होता. समोरच्याचा कापरा आवाज ऐकून क्वचित ऑपरेटरला पाझर फुटे. १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर थेट डायल करण्याची सोय झाली आणि हा माणूस हळूहळू मधून निघून गेला. यंत्राला आवाजातील कंप कळत नाही. तेव्हापासून जो काही न्याय करावयाचा तो आकड्यांतच लिहून ठेवणे भाग पडले.

टेलिफोनच्या रांगेचे गणित डेन्मार्कच्या एर्लांग ह्या गणितज्ञाने १९०९ पासून मांडावयास आरंभ केला होता. तथापि संगणकांच्या जाळ्याने प्रश्नाचे रूपच पालटले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस ह्या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसता, एकच कल्पना काढली. अख्खा संदेश एकदम न पाठविता त्याची लहान पुडकी करावीत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि वाटेतील प्रत्येक नाक्याने ते पुढे ढकलावे. ह्या नाक्याला स्विच म्हणतात. त्याची तुलना डाक वर्गीकरणाच्या कचेरीशी करता येईल. अनेक बाजूंनी थैल्या येतात, अनेक बाजूंना जातात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मार्गाच्या तोंडाशी पुडक्यांची रांग साचते.

आरंभी ह्या रांगेचा नियम होता, आधी आला तो आधी गेला. पिठाच्या गिरणीत हा नियम चालतो, कारण तेथे कोणी एकदम पाचशे डबे आणून ठेवीत नाही. जाळ्यात मात्र तसे घडते. जो जास्त ओततो त्याला जास्त मिळते आणि जो संयमाने पाठवितो तो मागे पडतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे, एकमेकांपासून अवघ्या ४०० यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधील संदेशांचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तार तीच होती, यंत्रेही तीच होती. जो तो अडलेली पुडकी पुन्हा पुन्हा पाठवू लागला आणि त्या गर्दीतच वाट बुजली.

ह्याच सुमारास, १९८५ साली, जॉन नेगल ह्यांनी एक उपाय सुचविला होता. सर्वांची एकच रांग न लावता प्रत्येक पाठविणाऱ्याची वेगळी रांग ठेवावी आणि प्रत्येक रांगेतून पाळीपाळीने एकेक पुडके उचलावे. मग कोणी कितीही ओतले, तरी त्याची स्वतःचीच रांग लांबेल. दुसऱ्याच्या पाळीला धक्का लागणार नाही. युक्ती नामी खरी, पण तिच्यात एक उणीव राहिली. पुडकी सारख्या आकाराची नसतात. एकेका पाळीत एकाने ज्वारी भिजवावी आणि दुसऱ्याने ऊस, तर पाळ्या समान होऊनही पाणी समान होत नाही. १९८९ साली डेमर्स, केशव आणि शेंकर ह्या तिघांनी ही उणीव दूर केली. प्रत्येक रांगेतून एकेक बिट घेतला असता, तर कोणते पुडके आधी पुरे झाले असते, हे मोजून त्या क्रमाने पुडकी सोडावयाची. न्याय चोख झाला. पण प्रत्येक पुडक्यासाठी हिशेब आणि क्रमवारी करावी लागे आणि वेगवान स्विचला तेवढी उसंत नसे.

येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.तून १९८१ साली पदवी घेतलेले जॉर्ज वर्गीस पुढे अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापक झाले. त्यांनी आणि एम. श्रीधर ह्यांनी १९९५ साली जो तोडगा मांडला, तो कोणत्याही वाण्याला तत्काळ पटावा. प्रत्येक रांगेच्या नावे एक खाते उघडावयाचे. दर फेरीला खात्यात ठरावीक रक्कम, समजा ५००, जमा करावयाची. रांगेच्या तोंडाशी ७०० चे पुडके असेल तर ते थांबेल, पण जमा बुडणार नाही. पुढल्या फेरीत खात्यात १००० होतील, पुडके जाईल आणि ३०० शिल्लक राहतील. रांग रिकामी झाली की खाते शून्य, म्हणजे कोणी काम नसता साठेबाजी करू नये. क्रमवारी लावण्याची गरज उरली नाही. एक बेरीज आणि एक वजाबाकी एवढ्यात काम भागले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. रांगा अनेक आणि मार्ग एक, हे आपण पाहिले. पण रांग एक आणि मार्ग अनेक असतील तर? एका वऱ्हाडासाठी तीन गाड्या केल्या, तर मागून निघालेली गाडी कधी कधी आधी पोहोचते. माणसे ते हसून सोडून देतात, पण पुडक्यांचा क्रम चुकला तर संदेश विसकटतो. हरी आदिशेषू, गुरू परुळकर आणि वर्गीस ह्यांनी १९९६ साली दाखविले की, वरचाच नियम उलटा फिरविला की हे कोडे सुटते. पाठविणारा प्रत्येक मार्गाच्या नावे खाते ठेवतो आणि जमा असेतो त्या मार्गाने पुडकी सोडतो. शेवटचे पुडके जमेपेक्षा मोठे निघाले तर ते जाऊ देतो, पण तेवढी उचल पुढल्या फेरीत कापून घेतो. पलीकडे घेणाराही तेच हिशेब करीत असतो. म्हणून पुढचे पुडके कोणत्या मार्गाने यावयाचे हे त्याला न सांगता कळते आणि तो त्याच दाराशी वाट पाहतो. वाटेत एखादे हरवले तर दोघांचे हिशेब जुळेनासे होतात. त्यासाठी मधून मधून खुणेची पुडकी पाठवून हिशेब पुन्हा मिळवून घेतात. दोन्ही टोकांनी एकच नियम प्रामाणिकपणे पाळला, तर पुडक्यांवर क्रमांकही घालावा लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ज्या भूकंपाने सुमारे ८ हजार माणसे नेली, त्याचा घाव ह्या गावाने सोसला आहे. अशा वेळी सगळेच एकदम हाक मारतात, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. त्या घडीला ‘इतकी माणसे अडकली, रक्त पाठवा’ हा चार ओळींचा निरोप एका लहानशा पुडक्यात मावतो. एकच रांग असेल तर तो कोणाच्या तरी लांबलचक चित्रफितीमागे ताटकळतो. रांगा वेगळ्या आणि खाती चोख असतील तर तो आपल्या पाळीला निघून जातो. त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही, की लाइटनिंगचे पैसे लागत नाहीत. नियमाने वाट रुंद होत नाही, हेही खरेच. टंचाईत सर्वांनाच थोडे थांबावे लागते. पण कोणी कायमचा थांबत नाही.

मात्र दर फेरीला कोणाच्या खात्यात किती जमा करावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसेच ठरवितात आणि तेथेच हा विषय अभियंत्यांच्या हातून नागरिकांकडे येतो. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगळा दर आकारण्यास मनाई केली, आणीबाणीच्या प्रसंगी सवलतीची वाट मात्र मोकळी ठेवली. २०१८ साली केंद्र शासनाने भेदभाव न करण्याचे तत्त्व कंपन्यांच्या परवान्यांत घातले, पण वाहतुकीच्या वाजवी व्यवस्थेला मुभा दिली. त्या ‘वाजवी’ शब्दाच्या पोटात ही सारी खाती दडलेली आहेत. पाटकऱ्याने पाळी चुकविली तर आपण चावडीवर जाऊन पाळीपत्रक मागतो. संदेशांच्या नाक्यावरील पाळीपत्रकही असेच उघड्यावर असावे, हा आग्रह धरणे आपणा सर्वांचे काम आहे.