मनिलाचा पाव

परप्रांती नोकरी करणाऱ्या माणसाचे भूगोलाचे ज्ञान बहुधा त्याच्या जिभेवाटे वाढते. नकाशावर जे गाव आम्हांला शाळेत कधी सापडले नाही, ते तेथल्या सकाळच्या न्याहारीमुळे जन्मभर लक्षात राहते. मनिला शहराची आमची ओळख अशीच झाली. कार्यालयीन कामानिमित्त तेथे काही आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा बरोबर वेंगुर्ल्याकडचे एक वयोवृद्ध सहकारी होते. त्यांना आम्ही येथे नुसते अण्णा म्हणू. आशियाई विकास बँकेचे मुख्यालय मनिला महानगरात असल्यामुळे आपल्या अधिकाऱ्यांना हे शहर अगदीच अनोळखी राहिलेले नाही. त्यापूर्वीही, १९५९ साली, सरकारी सेवेबद्दलचा मॅगसेसे पुरस्कार आपल्या चिंतामणराव देशमुखांना मिळाला होता. ही गोष्ट अण्णांनी विमानात आम्हांला दोनदा सांगितली.

एका रविवारी सकाळी आम्ही केसोन सिटीतील कामुनिंग बेकरीत न्याहारीला गेलो. कामुनिंग हे एका झाडाचे नाव. पांढऱ्या सुवासिक फुलांचे हे झाड म्हणजे आपली कुंती. फिलिपाइन्स अमेरिकेच्या छत्राखाली असताना, अध्यक्ष मानुएल केसोन यांच्या कारकीर्दीत १९३९ साली हे नवे शहर वसवण्यात आले, आणि त्याच वर्षी ही बेकरी निघाली; शहरातली ती पहिली बेकरी मानली जाते. आज तेथे पाव विकत मिळतो आणि बसून खाताही येते. लाकडाच्या भट्टीत भाजलेला पाव हे तिचे वैशिष्ट्य. अशा भट्टीला तिकडे ‘पुगोन’ म्हणतात. शब्द स्पॅनिश ‘फोगोन’वरून आलेला. मुठीत मावेल एवढा, वरून पावाच्याच चुऱ्यात घोळलेला, आतून मऊ असा जो पाव तो ‘पांदेसाल’. नावाचा अर्थ मिठाचा पाव, आणि चव मात्र किंचित गोड. भट्टीच्या तळावर भाजलेला, कडक सालीचा तो ‘पान दे सुएलो’. लोक येतात, कॉफीत पाव बुडवतात, वर्तमानपत्र वाचतात, राजकारणावर बोलतात. आमच्या शेजारच्या मेजावर एक आजोबा नातवाला पावाचा लुसलुशीत गाभा देऊन स्वतः साल खात होते.

येथवरचा प्रकार मुंबईच्या इराण्याकडेही पाहावयास मिळतो. आम्हांला कोड्यात टाकले ते एका शब्दाने. पाव आणून देणाऱ्या मुलीला अण्णांनी सहज विचारले, ‘पान’ हा तर स्पॅनिश शब्द. तुमच्या भाषेत पावाला काय म्हणतात? ती म्हणाली, “तिनापाय.”

हा शब्द स्पॅनिश नाही. ‘तापाय’ म्हणजे आंबवण किंवा मळलेला गोळा, त्यापासून तिनापाय. मॅगेलनच्या काफिल्याबरोबर १५२१ साली सेबू बेटावर आलेल्या पिगाफेट्टा नावाच्या इटालियन प्रवाशाने तेथील भाषेतले शब्द टिपून ठेवले. त्या यादीत हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ तांदळाच्या एका प्रकारच्या पोळ्या असा दिला आहे. म्हणजे गहू येण्यापूर्वीच शब्द तयार होता! परक्यांचा पाव आला तेव्हा लोकांनी त्याला आपल्या तांदळाच्या खाद्याचे नाव दिले आणि तो घरात घेतला.

आपल्याकडे नेमके उलट घडले. पोर्तुगीजांनी गोवे १५१० साली घेतले, स्पॅनिश लोकांनी मनिला १५७१ साली. आणि १५८० ते १६४० ही साठ वर्षे तर दोन्ही शहरे एकाच राजाच्या मुकुटाखाली होती. दोन्हीकडे प्रभुभोजनाच्या विधीस गव्हाची भाकर लागे. गोव्याचा पोदेर माडाच्या सुरेने कणीक फुगवी. सेबूकडील आर्गाव गावचा ‘तोर्ता’ नावाचा केकही माडाच्या ताडीनेच फुगवतात. इतके साम्य असून मराठीने मात्र ‘पाव’ हा पोर्तुगीज शब्द जसाच्या तसा उचलला आणि वस्तू उंबऱ्याबाहेर ठेवली. विहिरीत पाव टाकून अख्खे गाव बाटवल्याच्या कथा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. अण्णांच्या आजीच्या स्वयंपाकघरात पाव कधी शिरला नाही. आजारी माणसाला डॉक्टरने सांगितलाच तर तो ओसरीवर खावयाचा आणि बशी वेगळी ठेवावयाची. ज्यांनी ती बशी पाहिली आहे त्यांना एका शब्दाच्या निवडीत केवढा इतिहास असतो हे वेगळे सांगावयास नको.

परंतु यावरून फिलिपिनो समाज अधिक उदार होता असा निष्कर्ष आम्ही काढू पाहत होतो, तो इतिहासाने टिकू दिला नाही. मनिलात पाव भाजीत होते कोण? स्पॅनिश शिपाई भाजीत नव्हते आणि भात खाणारे तागालोगही नव्हते. भाजीत होते ते चिनी. तटबंदीच्या शहराबाहेर, तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात, ‘पारियान’ नावाची त्यांची पेठ वसवली होती. त्यांना ‘सांगले’ म्हणत. मनिलाचे पहिले बिशप दोमिंगो दे सालाझार यांनी १५९० साली स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात या पेठेचे मोठे कौतुक केले आहे. चीनहून गहू आणि सपीट आणून हे लोक चांगला पाव स्वस्तात विकतात, रस्तोरस्ती हिंडून विकतात. पूर्वी न खाणारे पुष्कळ लोक आता पाव खाऊ लागले आहेत. आणि पैसे नसले तर ते उधारीची खूण करून ठेवतात, त्यावर शिपायांचे वर्षभर निभते, असा त्या मजकुराचा आशय आहे. पगार वेळेवर न येणाऱ्या दूरच्या ठाण्यावर ज्यांनी दिवस काढले आहेत त्या आमच्या वाचकांना त्या उधारीचे मोल कळेल.

तेरा वर्षांनी, १६०३ साली, याच लोकांची कत्तल झाली. त्यांच्या वाढत्या संख्येचे भय, चीनहून आलेल्या काही मंदारिन अधिकाऱ्यांच्या भेटीने उठलेल्या वावड्या, मग सांगले लोकांचा उठाव, आणि मग सूड. मारल्या गेलेल्यांची संख्या २०,००० च्या आसपास मोजली जाते. या प्रसंगाची हकीकत आंतोनियो दे मोर्गा यांनी लिहून ठेवली आहे. मोर्गा हे सरकारी अधिकारी, मनिलाच्या वरिष्ठ न्यायसभेचे सभासद. त्यांचा ग्रंथ १६०९ साली मेक्सिकोत छापला गेला. कत्तलीनंतर शहरात खावयास मिळेना आणि पायांत घालावयास जोडा मिळेना, असे त्यांनी नोंदले आहे. वाक्य साधे आहे, टिपणवहीतल्यासारखे; ते वाचून आमच्या अंगावर काटा उभा राहिला. पुढे चिनी पुन्हा आले, कारण शहराचे त्यांच्यावाचून चालत नव्हते. आणि १६३९ साली पुन्हा मारले गेले. पावाला घरचे नाव मिळाले. पाव भाजणाऱ्याला मिळावयास कित्येक पिढ्या लागल्या.

मोर्गांच्या या ग्रंथावर टिपा लिहून तो १८९० साली पॅरिसहून पुन्हा प्रसिद्ध करणारा पुरुष म्हणजे होसे रिसाल. त्यांच्या ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ या १८९१ च्या कादंबरीत विद्यार्थी चिनी खानावळीत जेवतात, ताटातल्या पदार्थांना पाद्र्यांची आणि सरकारची नावे देऊन हसतात, आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठात राजद्रोही पत्रके सापडून धरपकड होते. जेवणाच्या मेजावरची थट्टा राज्यकर्त्यांना झोंबते, हे रिसालना ठाऊक होते. १८९६ च्या ३० डिसेंबरला त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कामुनिंग बेकरीत आजही पुढारी, लेखक आणि पत्रकार यांना बोलावून चर्चा होतात. तिकडे त्यांना ‘पांदेसाल’चेच नाव आहे.

१८९८ नंतर अमेरिकन आले आणि त्यांच्या जहाजांतून अमेरिकेचा मैदा आला. पाव खऱ्या अर्थाने गल्लोगल्ली पोहोचला तो या काळात. मात्र फिलिपाइन्सची हवा गव्हाला मानवत नाही; त्यामुळे सकाळचा हा घास तेव्हापासून समुद्रावर अवलंबून राहिला. १९४२ ते १९४५ या जपानी अमलात ही नाडी आवळली गेली. त्या वेळी मारिया ओरोसा या अन्नरसायनशास्त्रज्ञ बाईंनी केलेले काम आमच्या मते कोणत्याही सेनापतीच्या तोडीचे आहे. देशात जे पिकते त्यातून अन्न कसे काढावे हा त्यांचा ध्यास. तांदळाच्या कोंड्याची बिस्किटे, सोयाबीनची पूड, केळ्याचा केचप, ही सर्व त्यांची करणी. हे अन्न छुप्या मार्गाने कैद्यांपर्यंत पोहोचवले जाई. मनिलाच्या लढाईत, १३ फेब्रुवारी १९४५ रोजी, तोफांच्या माऱ्यात त्या मरण पावल्या. त्यांच्या केळ्याच्या केचपची बाटली मात्र फिलिपिनो मेजावर अजून उभी असते, आणि अनेकांना ती पाश्चात्त्यांची देणगी वाटते!

आजही गहू बाहेरूनच येतो. तिकडे बाजार चढला की बेकरीवाल्यापुढे दोनच वाटा: किंमत वाढवणे किंवा पाव लहान करणे. पुष्कळ जण दुसरी वाट धरतात, म्हणून पांदेसाल पूर्वी केवढा होता याच्या आठवणी प्रत्येक म्हाताऱ्यापाशी असतात. व्यापार खाते आणि बेकरीवाले मिळून ‘पिनॉय टेस्टी’ व ‘पिनॉय पांदेसाल’ या नावांच्या साध्या पावाची किंमत आटोक्यात ठेवण्याची खटपट करतात. आमच्यापैकी ज्यांनी पुरवठा खात्यात खर्डेघाशी केली आहे त्यांना ती वाटाघाट डोळ्यांपुढे उभी करता येईल.

पावांच्या नावांचा एक गमतीचा भाग सांगितल्यावाचून राहवत नाही. शिळ्या पावाचा लगदा करून, त्याला भडक लाल रंग देऊन, तो नव्या पावात भरतात. या पदार्थाचे एक नाव ‘कालिहिम’, आणि कालिहिम म्हणजे सचिव. हे कळल्यावर अण्णांनी तो आणखी एक मागवला आणि आमच्याकडे पाहून काही बोलले नाहीत. टोपीच्या आकाराचा, पिवळसर, गोड असा दुसरा एक प्रकार असतो, त्याचे नाव ‘काबाबायान’. अर्थ: आपल्या गावचा, आपल्या देशचा माणूस. परदेशी काम करणारे लाखो फिलिपिनो एकमेकांना याच शब्दाने हाक मारतात.

ही बेकरी २०१३ साली चिनी कुळीच्या एका फिलिपिनो स्तंभलेखकाने घेतली. ज्या पेठेतले पाववाले १६०३ साली कापले गेले, त्यांच्याच जातकुळीचा माणूस आज दर वर्षी १६ ऑक्टोबरला पांदेसालचा दिवस साजरा करून हजारो पाव फुकट वाटतो, आणि त्या रांगेत कोण कोणत्या वंशाचा हे कोणी विचारीत नाही. २०१८ साली बेकरीला आग लागली. नंतर ती पुन्हा सुरू झाली.

निघताना अण्णा गल्ल्यापाशी गेले. इंग्रजी त्यांना उत्तम येते. पण त्यांनी बोटे वर करून “तिनापाय” एवढाच शब्द उच्चारला. मुलीने हसून बारा पांदेसाल खाकी पिशवीत भरले. पिशवी ऊन होती. जीपनीत बसल्यावर अण्णांनी ती मांडीवर घेतली, तोंड दुमडून बंद केले, आणि जरा वेळाने पुन्हा उघडून एक पाव आमच्या हातावर ठेवला.